कडेच्या ३ पीसचे कोड का वाचले जात नव्हते: एफ-थीटा लेन्स बदलल्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतलं छोटं जॉबवर्क युनिट. काम एकच, गाड्यांच्या पार्ट्सवर लेझर मार्किंग. मी तिथे प्रोसेस आणि फिक्स्चरचं (पीस जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्यांचं) बघायचो. युनिटचं, कस्टमरचं, डीलरचं नाव देत नाहीये, बाकी जे घडलं ते जसंच्या तसं सांगतो, कारण लेन्स बदलताना हीच चूक मी नंतर अजून दोन ठिकाणी होताना बघितली आहे.

मशीन साधं होतं. २० वॅटचा पल्स्ड फायबर लेझर, वेव्हलेंथ १०६४ नॅनोमीटर, कॉलिमेटरमधून (किरण समांतर करणाऱ्या भागातून) ७ मिमीचा बीम निघतो, पुढे दोन गॅल्व्हो आरसे, म्हणजे झटपट फिरून बीमला एक्स आणि वाय दिशेला नेणारे, आणि त्यांच्या खाली एफ-थीटा लेन्स, जी बीमला सपाट पातळीवर फोकस करते. पार्ट म्हणजे अॅल्युमिनियमचं डायकास्ट हाऊसिंग. त्यावर १८ बाय १८ खान्यांचा डेटा मॅट्रिक्स, म्हणजे क्यूआरसारखा चौकोनी कोड, मारायचा, एक खाना ०.३ मिमीचा, म्हणजे पूर्ण कोड ५.४ मिमीचा. कोडची जागा ड्रॉइंगमध्ये ठरलेली आणि ती थोडी अडचणीची होती. सपाट पॅडच्या एका बाजूला ८ मिमी उंच रिब, म्हणजे भिंतीसारखी पट्टी, उभी, आणि रिबपासून जेमतेम १.४ मिमीवर कोड सुरू होतो.

आधी मशीनवर १६० मिमी फोकल लेन्थची लेन्स होती, तिचं फील्ड, म्हणजे मार्किंग करता येतं ती जागा, ११० बाय ११० मिमी. एका वेळी ४ पीस, सगळे मधोमध लावलेले. दोन वर्षं एक तक्रार नाही.

मग ऑर्डर वाढली. मालकांच्या डोक्यात आलं की एका लोडमध्ये १२ पीस घेतले तर ऑपरेटरचा वेळ वाचेल. डीलर म्हणाला २५४ ची लेन्स घ्या, १७५ बाय १७५ फील्ड मिळतं. थ्रेड तोच, एम-८५, जुनी फिरवून काढली, नवी फिरवून बसवली, हेड वर घेतलं, मधे फोकस लावला, सॉफ्टवेअरमध्ये फील्ड साईझ ११० चं १७५ केलं आणि काम चालू. अर्ध्या तासात मशीन परत मार्किंग करत होतं, त्यामुळे कोणालाच वाटलं नाही की आपण काही मोठा बदल केलाय.

नवीन फिक्स्चर ४ कॉलम, ३ रांगा असं बनवलं. कॉलम सेंटरपासून २२ आणि ६६ मिमीवर, दोन्ही बाजूंना. सगळे पीस एकाच दिशेला तोंड करून, म्हणजे प्रत्येक पीसची रिब कोडच्या उजव्या हाताला. लोडिंगला सोपं पडतं म्हणून सरळ तसंच केलं होतं.

प्रॉब्लेम

पहिल्याच दिवशी कोड फिकट यायला लागले. स्पीड कमी केला, पॉवर ६० टक्क्यांवरून ९० वर नेली, कोड परत पांढरे झाले आणि विषय संपला असं वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात कस्टमरकडून माल परत आला. त्यांच्या लाइनच्या शेवटच्या रीडरवर काही कोड वाचले जात नव्हते, काही दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात वाचले जायचे. आमच्याकडे चेकिंग म्हणजे हातातला रीडर, बीप वाजला की पास. ग्रेडिंगचा व्हेरिफायर कस्टमरकडे, त्यांची अट आयएसओ २९१५८ (थेट पार्टवर मारलेल्या कोडची प्रत मोजायचं मानक) प्रमाणे किमान बी ग्रेड, ए सगळ्यात चांगला आणि एफ नापास. परत आलेल्यांना डी आणि एफ मिळाले होते.

फिक्स्चरच्या नेस्टला (एकेका पीसच्या बसायच्या जागेला) नंबर होते म्हणून शोध लागला की खराब माल नेमका डावीकडच्या शेवटच्या कॉलमच्या ३ नेस्टमधूनच येतोय. उजवीकडचा शेवटचा कॉलम सेंटरपासून तितकाच लांब, तिथले कोड मात्र एकदम चांगले. सगळ्या प्रकरणाची किल्ली हीच होती आणि आम्ही ती हातात घेऊन चार दिवस भलतीच कुलपं उघडत बसलो.

पहिले चार दिवस

पहिला अंदाज, बेड तिरका आहे, डावीकडे फोकस सुटतोय. तर्क चुकीचा नव्हता पण आकडे आधी मांडायला हवे होते. लेझरची बीम क्वालिटी, म्हणजे एम-स्क्वेअर (१ म्हणजे आदर्श), १.५ धरली तर २५४ च्या लेन्सला स्पॉट, म्हणजे फोकस झालेला ठिपका, साधारण ७४ मायक्रॉनचा येतो आणि फोकसच्या वर-खाली अंदाजे २.७ मिमीपर्यंत तो फारसा फुगत नाही. १६० च्या लेन्सला स्पॉट ४६ मायक्रॉन आणि सवलत फक्त १ मिमीच्या आसपास. म्हणजे नवीन लेन्स फोकसच्या बाबतीत उलट जास्त माफ करणारी होती. डायल गेज लावून उंची बघितली, पूर्ण फिक्स्चर ०.२ मिमीच्या आत. हा मुद्दा बाद.

दुसरा अंदाज, लेन्समध्येच एका बाजूला दोष आहे. म्हणून फिक्स्चर १८० अंशात फिरवून लावलं. लेन्स खराब असेल तर आता दुसरे नेस्ट खराब व्हायला पाहिजेत ना? तर नाही, त्याच नंबरचे ३ नेस्ट खराब, फक्त आता ते उजवीकडे गेलेले. यावरून आम्ही निष्कर्ष काढला की फिक्स्चरमध्ये गडबड आहे, आणि ते ३ नेस्ट परत घासून बसवले. दोन दिवस गेले. फरक शून्य. टेस्ट बरोबर होती, तिचा अर्थ आम्ही चुकीचा लावला. ती सांगत होती की दोष फिक्स्चरबरोबर फिरतोय, आणि फिक्स्चरबरोबर नेस्टची उंचीच फिरते असं नाही, पीसचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेही फिरतं.

तिसरी गोष्ट जास्त लागते मला. ऑपरेटर पहिल्या दिवशीच म्हणाला होता, "सर, डावीकडं लाल चौकट भिंतीवर चढतीय." लाल चौकट म्हणजे मार्किंगच्या आधी जागा दाखवणारा लाल पॉइंटर. मी त्याला सांगितलं की लाल प्रकाश कडेला खरा नसतो. हे खोटं नाही. लेन्स १०६४ साठी बनवलेली असते, लाल वेव्हलेंथला काच जास्त वाकवते, त्यामुळे लाल चौकट कडेला थोडी सेंटरच्या दिशेला सरकलेली दिसते. डाव्या कॉलममध्ये सेंटरची दिशा म्हणजे रिबचीच दिशा, म्हणून माझं उत्तर फिट्ट बसलं आणि त्याचं निरीक्षण तिथेच मेलं. त्याच वेळी खाली वाकून बघितलं असतं तर चार दिवस वाचले असते.

खरं कारण

पाचव्या दिवशी काळ्या अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमची सपाट प्लेट पॅडच्या उंचीवर ठेवून १२ ही कोड मारले. सगळे स्वच्छ. डाव्या कॉलमचेही. म्हणजे लेझर, आरसे, लेन्स, उंची, सगळं ठीक, आणि तरी पीसवर खराब.

मग एक खराब पीस उचलून खिडकीपाशी नेला आणि भिंगाखाली धरला. कोडच्या उजवीकडचे शेवटचे दोन कॉलम जवळजवळ गायब. आणि रिबच्या माथ्यावर, वरच्या कडेला, केसासारखी बारीक पांढरी रेघ, तुटक तुटक, ठिपके-ठिपके. ते ठिपके म्हणजे कोडचे हरवलेले खाने होते. बीम पॅडपर्यंत पोहोचायच्या आधी रिबवर आपटून तिथेच मार्किंग करत होता.

आता सगळं जुळलं. साधी एफ-थीटा लेन्स बीमला सपाट पातळीवर फोकस करते, पण सरळ खाली पाठवत नाही. मधे बीम काटकोनात पडतो, कडेला जाल तसा बाहेरच्या दिशेला तिरका होत जातो. डाव्या कॉलममध्ये बीम उजवीकडून, वरून, तिरका डावीकडे येतो. तिथे रिब कोडच्या उजवीकडे, म्हणजे बरोबर बीमच्या वाटेत. उजव्या कॉलममध्ये बीम डावीकडून येतो आणि रिब कोडच्या पलीकडे, म्हणून काही अडत नाही. संध्याकाळच्या उन्हात भिंतीची सावली पडते तसलाच प्रकार, फक्त सूर्य फील्डच्या मधोमध वर टांगलेला.

कोन मोजायची सोपी पद्धत आहे, कोणालाही करता येईल. एक प्लेट ठेवा, कडेच्या पॉइंटला एक बारीक रेघ मारा, बाजूचा रेफरन्स न हलवता प्लेट बरोबर १० मिमी खाली घ्या, तीच रेघ परत मारा. दोन रेघांमधलं अंतर भागिले १० म्हणजे त्या कोनाचा टॅन. आमच्याकडे ६६ मिमीवर अंतर २.३ मिमी आलं, म्हणजे साधारण १३ अंश. ८ मिमीच्या रिबची सावली ८ गुणिले ०.२३, जवळपास १.८५ मिमी. बीमलाही जाडी असते, रिबच्या माथ्याच्या उंचीवर तो ०.२ मिमीच्या आसपास असतो, त्यातला अर्धा धरा. कोड सुरू होतो १.४ मिमीवर. हिशोब केला तर अर्ध्या मिमीहून थोडं जास्त झाकलं जातं, म्हणजे ०.३ चे दोन कॉलम. भिंगाखाली दिसले तेवढेच.

आणि आमचा रीडर तरी बीप का द्यायचा? कारण १८ बाय १८ च्या कोडमध्ये डेटाच्या १८ कोडवर्ड्सबरोबर (माहितीच्या तुकड्यांबरोबर) दुरुस्तीचे १४ असतात, थोडा डेटा खाल्ला गेला तरी तो भरून काढतो. पण सगळ्यात उजवीकडचा कॉलम हा डेटा नसतो, तो काळा-पांढरा-काळा-पांढरा असा टायमिंगचा पट्टा असतो, त्याच्यावरून रीडर खाने मोजतो. आमचा पार्ट असा बसायचा की नेमका तोच पट्टा सावलीत. चांगल्या उजेडात, योग्य अंतरावर हातातला रीडर अंदाजाने वाचून घ्यायचा, कस्टमरच्या लाइनवरचा फिक्स रीडर अडायचा.

कोणते पर्याय होते

जुनी १६० ची लेन्स परत लावणे हा सगळ्यांच्या तोंडी पहिला पर्याय होता, कारण "तेव्हा चालत होतं". इथे एक फसवी गोष्ट आहे. कोन ठरतो तो सेंटरपासूनचं अंतर भागिले फोकल लेन्थ यावर. २५४ ला १७५ चं फील्ड आणि १६० ला ११० चं, दोन्हीत कडेला गॅल्व्होमधून निघणारा ऑप्टिकल कोन २० अंशाच्या जरासा आत, सारखाच. म्हणजे छोटी लेन्स लावून फील्डच्या कडेपर्यंत पीस भरले असते तर हाच प्रॉब्लेम छोट्या आकारात परत आला असता. तेव्हा चालत होतं ते लेन्समुळे नाही, पीस मधे होते म्हणून.

टेलिसेंट्रिक एफ-थीटा हा पुस्तकी बरोबर पर्याय. त्यात बीम पूर्ण फील्डभर जवळजवळ सरळच पडतो. पण सरळ पाडायचा म्हणजे लेन्सची शेवटची काच फील्डपेक्षा मोठीच लागते, त्यामुळे आमच्या १३० मिमीच्या पसाऱ्याला ती वजनाने आणि किमतीने मशीनलाच जड झाली असती.

डीलरने ३-अॅक्सिस हेड सुचवलं, ज्यात स्कॅनिंग करताना फोकसची उंची बदलता येते. खूप चांगली वस्तू आहे, वेगवेगळ्या उंचीच्या पार्ट्सना लागतेच. पण आमचा प्रॉब्लेम फोकसचा नव्हता, कोनाचा होता, आणि ते हेड कोन बदलत नाही. मालक ऑर्डर द्यायच्या बेतात होते, रेघांची ती टेस्ट प्लेट समोर ठेवली तेव्हा थांबले.

बीम एक्सपांडर (बीम रुंद करणारी जोडणी) टाकून ७ चा बीम १० मिमी करायचा, म्हणजे स्पॉट ७४ वरून ५२ मायक्रॉनपर्यंत खाली येतो, मार्किंग परत जोरात. पण आमचे आरसे १० मिमीचेच, बीमची कड कापली जायची भीती, आणि सावली तशीच राहणार. ५० वॅटच्या लेझरचीही चर्चा झाली, तीच गत.

कोड रिबपासून लांब सरकवणे, सगळ्यात साधं वाटतं. पण ड्रॉइंग कस्टमरचं, बदल म्हणजे परत मंजुरीची पूर्ण प्रक्रिया, आणि माल तर रोज जायचाय.

शेवटचा पर्याय म्हणजे डावीकडचे दोन्ही कॉलम १८० अंशात फिरवायचे, म्हणजे सगळ्या रिब बाहेरच्या बाजूला जातील. खर्च फक्त नेस्टच्या पिना बदलण्याचा.

काय केलं

पिना बदलल्या. टूलरूमने एका दिवसात नेस्ट उलटे करून दिले, फाइलमध्ये त्या ६ कोडचं ओरिएंटेशनही १८० अंशात फिरवलं, म्हणजे पार्टच्या हिशोबाने कोड ड्रॉइंगप्रमाणेच पडतो. लोडिंगला आता अर्धे पीस उलट्या हाताने लावावे लागतात म्हणून नेस्टवर पिवळा रंग मारला, आणि पीस चुकीच्या दिशेने बसूच नये अशी एक पिन टाकली.

हे करताना कॅलिब्रेशनही परत केलं. आम्ही फक्त फील्ड साईझचा आकडा बदलला होता, करेक्शन फाइल, म्हणजे लेन्समुळे येणारा वाकडेपणा सरळ करणारी फाइल, जुन्या लेन्सचीच होती. एफ-थीटा लेन्सचं काम हे की स्पॉटची जागा कोनाच्या सरळ प्रमाणात यावी. साध्या लेन्सला ती कोनाच्या टॅनच्या प्रमाणात येते, १६० च्या लेन्सला कडेला ५५ मिमीच्या जागी ५७.३ पडेल इतका फरक. पण कुठलीही खरी लेन्स हे शंभर टक्के करत नाही, शिवाय दोन आरसे एकाच जागी नसतात, एक पुढे एक मागे, त्यामुळे चौकोनाच्या बाजू हलक्या वाकतातच. प्रत्येक लेन्सचं करेक्शन तिचं तिचं असतं. ९ पॉइंटची ग्रिड मारून व्हर्निअरने मोजून नवीन फाइल केली, कडेचे कोड जे जरासे कलते होते ते चौकोनी झाले.

मग मी स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो, आणि इथे दुसरा धक्का. जुन्या सेटअपमध्ये एका कोडला ६ सेकंद, ४ पीस, लोडिंगचे २० सेकंद, म्हणजे पीसमागे ११ सेकंद. नवीनमध्ये एका कोडला ११ सेकंद, १२ पीसचे १३२, लोडिंग ४५, म्हणजे पीसमागे जवळपास पावणेपंधरा. पसारा वाढवून आम्ही हळू झालो होतो! कारण फोकल लेन्थ १६० ची २५४ झाली की स्पॉटचं क्षेत्रफळ अडीच पट होतं, तीच पॉवर अडीच पट जागेत पसरते, ती भरून काढायला स्पीड कमी करावा लागतो. एका लोडमध्ये १२ पीस निघतात हे डोळ्यांना दिसत होतं, पीसमागचा वेळ कोणी मोजलाच नव्हता.

म्हणून महिन्याभराने दुसरं पाऊल उचललं. १६० ची लेन्स परत लावली आणि खाली साधं सरकतं टेबल बनवलं, त्यावर ६-६ पीसची दोन फिक्स्चर. एकावर मार्किंग चालू असताना ऑपरेटर दुसरं भरतो. टेबल दोन्ही टोकांना बंद बॉक्समध्येच थांबतं आणि दार लावल्याशिवाय लेझर सुरू होत नाही, कारण १०६४ चा बीम डोळ्याला दिसत नाही आणि हात बाजूलाच असतो. दोनच कॉलम, सेंटरपासून २२ मिमीवर, ३ रांगा ४० मिमीच्या अंतराने. रांगांच्या दिशेला रिब समांतर आहे, त्यामुळे त्या दिशेचा तिरकेपणा चालतो. २२ मिमीवर कोन ८ अंशाच्या आत, सावली फार तर १.१ मिमी, म्हणजे तशीही सुटली असती, पण काठावर, म्हणून रिब बाहेरच ठेवल्या.

निकाल

पिना बदलल्यानंतरच्या पहिल्या लॉटमधून प्रत्येक नेस्टचे पीस कस्टमरच्या व्हेरिफायरवर तपासून घेतले, १२ ही नेस्टना बी किंवा ए. त्यानंतर या कारणाने एकही पीस परत आला नाही.

सरकत्या टेबलवर ६ कोडचे ३६ सेकंद आणि टेबल सरकायला ४, म्हणजे पीसमागे ७ सेकंदाच्या आत. पॉवर परत ६० टक्क्यांवर आली, कोडच्या खान्यांच्या कडांना जो वितळलेला फुगवटा यायचा तोही गेला. एक किंमत मोजावी लागली, फोकसची सवलत परत १ मिमीवर आली. कास्टिंगच्या उंचीत ०.४ मिमीपर्यंत फरक असतो, त्यामुळे नेस्टच्या बसण्याच्या जागेवर चिप्स राहिल्या की कोड लगेच फिकट होतो. प्रत्येक लोडला हवेने फुंकून घेणं आता सक्तीचं आहे.

परत करायची वेळ आली तर

लेन्स घ्यायच्या आधी मी फील्ड साईझ शेवटी विचारीन. आधी स्पॉट किती होणार, फोकसची सवलत किती आणि माझ्या सगळ्यात बाहेरच्या पीसवर बीम किती अंशात पडणार, हे तीन आकडे कागदावर. त्या कागदावर पार्टचा उभा छेद काढून पट्टीने तिरकी रेघ ओढली असती तर रिब तिथेच आडवी आली असती. पाच मिनिटांचं काम.

फिक्स्चर फिरवायची टेस्ट परत करीन, पण त्याच्याबरोबर सपाट प्लेटची टेस्ट त्याच दिवशी. आम्ही ती पाचव्या दिवशी केली. लेन्स-मशीन एका बाजूला आणि पार्टचा आकार दुसऱ्या बाजूला, असं विभागून टाकणारी तीच एक टेस्ट आहे.

पॉवर वाढवायच्या आधी थांबीन. कोड फिकट झाला हे लेन्सने सांगितलेलं पहिलं वाक्य होतं, आम्ही पॉवर वाढवून तिचं तोंड बंद केलं.

आणि ऑपरेटर काही दिसतंय म्हणाला तर आधी त्याच्याबरोबर वाकून बघायचं, कारण नंतर सांगायचं. लाल पॉइंटर कडेला सरकतो हे खरं होतं आणि बीम रिबवर चढतोय हेही खरं होतं, दोन्ही एकाच वेळी. आता नवीन पार्ट आला की पहिल्या सेटिंगला ऑपरेटरच लाल चौकट लावून चारी कोपऱ्यात वाकून बघतो आणि रिबवर उजेड दिसला की मला फोन करतो.

२५४ ची लेन्स कपाटात पडून नाही. स्टीलच्या सपाट नेमप्लेट्सचं काम मिळालं, १५० मिमी लांब, ना रिब ना खड्डा. त्याला तीच लावतो.